झाकणाखाली जागणाऱ्या महाशयांस

रा. रा. मॉडर्न स्टँडबाय यांस,
मुक्काम एस-शून्य, लॅपटॉपच्या झाकणाखाली.



पत्र उघडेच पाठवतो आहे. बंद केलेली वस्तू आपण बंद मानत नाही असा आपला लौकिक आहे, तेव्हा पाकीट चिकटवण्यात अर्थ नव्हता.

आपली ओळख फार थोड्यांना आहे, आणि तरी आपण घरोघरी आहात. रात्री सत्तर टक्के चार्ज दाखवणारा लॅपटॉप झाकण लावून कपाटात ठेवावा आणि सकाळी बटण दाबल्यावर रिकाम्या बॅटरीचे चित्र दिसून पडदा पुन्हा काळा व्हावा, ही आपली करणी. स्वतःच्या सेमिनारच्या दिवशी वर्गातला एकुलता एक सॉकेट शोधत भिंतीकडेने फिरणारी विद्यार्थिनी आपलीच लाभार्थी. वीज असताना रात्री चार्ज करून ठेवला म्हणून निर्धास्त झालेले आणि सकाळी वीज नसताना लॅपटॉपही नाही असे पाहणारे भारनियमनाच्या गावातले गुरुजीही आपलेच. अशिलाचे कागद लॅपटॉपात आणि लॅपटॉप मूर्च्छित, म्हणून पुढची तारीख मागणारे वकीलसाहेबही त्याच यादीत. (पुढची तारीख मागायला वकिलांना आपली गरज नसते हे मान्य, पण एक नवे कारण आपण मिळवून दिलेत.) एवढी सेवा करूनही आपले नाव कुठे येत नाही. नाव येते बॅटरीचे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. लॅपटॉप दुकानात नेला की काउंटरवरचा मुलगा झाकण उघडायच्या आधी निदान सांगतो, “बॅटरी गेलीय, बदलून घ्या.” म्हणून आधी त्या संन्यासिनीची बाजू मांडतो. लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तरी थोडी उतरते, हे खरे. तिच्या पोटात बारीकसारीक रासायनिक उपद्व्याप चालूच असतात आणि तिच्या रक्षणासाठी बसवलेले सर्किटही स्वतःपुरती थोडी वीज घेते. पण खोलीच्या साध्या तापमानाला हे सगळे मिळून होते महिन्याला साधारण दोन ते पाच टक्के. महिन्याला! उन्हाळ्यात ते थोडे वाढेल, जुनी बॅटरी असेल तर आणखी थोडे. एका रात्रीत सत्तर टक्क्यांचा फडशा पाडणे तिला मनात आणले तरी जमणार नाही. सोनीने १९९१ साली ही बॅटरी बाजारात आणली आणि तिच्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वीज धरून ठेवण्याची विद्या त्या तिघांनी सिद्ध केली. मालकाला न विचारता ती वाटून टाकण्याची विद्या आपली. तिला अजून कोणी पारितोषिक ठेवलेले नाही, म्हणून निदान हे पत्र.

हिशेब सोपा आहे, आपल्यासमोर मांडून दाखवतो. ५० वॉट-तासांची बॅटरी घ्या; बऱ्याच लॅपटॉपांत तिच्या आसपासचीच असते. यंत्र पडल्या पडल्या अर्धा वॉट घेत असेल, तर ती १०० तास पुरते, म्हणजे चार दिवसांहून थोडी जास्त. तेच यंत्र ५ वॉट घेत असेल, तर १० तास. रात्री अकराला झाकण लावले की सकाळी नऊला कारभार आटोपला. बॅटरी दोन्ही वेळी तीच, नवीकोरी, निर्दोष. पहिल्या वेळी यंत्र खरोखर निजलेले होते. दुसऱ्या वेळी आपण ड्यूटीवर होता.

आपल्याआधी त्या जागेवर कोण होते, हे नव्या मंडळींना सांगायला हवे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचा नियमसंच प्रसिद्ध केला. संगणकाने केव्हा किती जागे राहायचे, याच्या पायऱ्या त्यात ठरल्या. एस-० म्हणजे टक्क जागा, एस-५ म्हणजे बंद. एस-४ म्हणजे हायबरनेट: मेमरीतले सगळे डिस्कवर उतरवून ठेवायचे आणि वीज तोडायची. आणि एस-३, ज्याला जुने लोक नुसते ‘स्लीप’ म्हणत. त्यात मेमरीला आपला मजकूर विसरू नये इतपत वीज मिळे आणि प्रोसेसरसकट जवळजवळ सगळ्यांची काढून घेतली जाई. वीजच नाही म्हटल्यावर कोणी मागे रेंगाळून काम उकरून काढण्याचा प्रश्न येत नसे.

एस-३ काही देवमाणूस नव्हता. उठताना कधी कधी कुरकुर करी. वाय-फाय सापडत नसे, पडदा काळाच राही, एखादे वेळी सगळेच गोठे आणि बटण दाबून धरावे लागे. पण त्याची दुखणी मालकासमोर, दिवसाउजेडी व्हायची. झाकणाआड, अंधारात, कोणाला कळणार नाही अशा वेळी तो काही करत नसे. शुक्रवारी झाकण लावा, सोमवारी उघडा, अर्धवट टंकलेले वाक्य तिथेच थांबलेले आणि बॅटरीत चार्ज शिल्लक. अशा माणसाला बढती मिळत नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. त्यालाही मिळाली नाही.

मग आपला जन्म झाला. २०१० साली आयपॅड आला होता, फोन तर खिशाखिशात होते. बोट लावताच ती यंत्रे जागी होत आणि खिशात असतानाही त्यांची टपाले येत राहत. लॅपटॉपवाल्यांना वाटले, आपल्यात काय कमी आहे? ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आपण ‘कनेक्टेड स्टँडबाय’ या नावाने अवतरलात. इंटेलने २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरांत आपल्या निवासाची सोय केली. विंडोज १० आल्यावर आपण ‘मॉडर्न स्टँडबाय’ झालात. नाव बदलले की जुने अर्ज निकाली निघतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

कल्पना वाईट होती असे म्हणणार नाही. यंत्र एस-शून्यातच, म्हणजे अधिकृतपणे जागेच राहील. मात्र आतला एकेक भाग आपणहून इतका खोल पेंगेल की एकूण खर्च एस-३ इतका किंवा त्याहून कमी येईल. अधूनमधून क्षणभर डोळे किलकिले करून टपाल घ्यायचे, निरोप बघायचे, पुन्हा पेंगायचे. त्या खोल अवस्थेला आपल्या घरच्या भाषेत ‘ड्रिप्स’ म्हणतात: डीपेस्ट रनटाइम आयडल प्लॅटफॉर्म स्टेट. कागदावर ही व्यवस्था इतकी देखणी आहे की वाचतानाच डोळा लागावा. वाचणाऱ्याचा. यंत्राचा नव्हे.

कारण या देखण्या व्यवस्थेत एक अट आहे. एकूण यंत्र ड्रिप्सपर्यंत उतरायचे, तर आतल्या प्रत्येकाने उतरले पाहिजे. फोन बनवणाऱ्याच्या हातात चिप, ड्रायव्हर, प्रणाली असे बहुतेक सगळे असते. तो प्रत्येकाचा कान धरू शकतो. विंडोजच्या लॅपटॉपात प्रोसेसर एकाचा, वाय-फायचे कार्ड दुसऱ्याचे, आवाजाची चिप तिसऱ्याची, बोटाचा ठसा वाचणारे यंत्र चौथ्याचे, डिस्क पाचव्याची, यंत्र चालू होताच आधी चालणारी मूळ आज्ञावली म्हणजे बायॉस सहाव्याने लिहिलेले, आणि वर विकणाऱ्याने प्रेमापोटी भरून दिलेली चार सॉफ्टवेअर. यांतल्या एकाचाही ड्रायव्हर पेंगायला तयार नसला, की बाकीच्यांची कितीही इच्छा असो, रात्र जागरणात जाते. आपली रोजच कोजागरी. फक्त मसाला दूध म्हणून बॅटरी पिता.

पूर्वी झाकण लावणे हा हुकूम होता. आपण त्याचा अर्ज केलात.

मालक झाकण लावतो. आपण अर्ज दाखल करून घेता आणि तो खात्याखात्यांतून फिरवता. वाय-फाय खाते म्हणते, आमची हरकत नाही, पण राउटरशी संबंध तोडता येणार नाहीत, मधूनमधून ख्यालीखुशाली विचारावी लागते. ब्लूटूथ खाते म्हणते, माऊसची वाट पाहतो आहोत; तो बॅगेत आपल्याच शेजारी हिंदकळतो आहे, आणि जरा हलला की आम्हाला हजर राहावे लागते. टपाल खात्याला रात्री अडीच वाजता विक्रीचे जाहिरातपत्र उतरवून घ्यायचे असते. ते मालक सकाळी न वाचता पुसणार आहे, पण आवक नोंदवहीत नोंद तर झाली पाहिजे. ध्वनी खाते काहीच उत्तर देत नाही, कारण त्यांचा ड्रायव्हर कुठल्यातरी जुन्या प्रकरणात अडकला आहे. ध्वनी खात्याचे ना हरकत प्रमाणपत्र आले नाही म्हणून फाइल पुढे सरकत नाही, फाइल सरकत नाही म्हणून दिवे चालू, आणि दिव्यांचे बिल मालकाच्या नावे. पहाटे चारला सगळी प्रमाणपत्रे गोळा होतात तेव्हा कळते की मूळ अर्जाला आता अर्थ उरलेला नाही, कारण बॅटरीच उरलेली नाही.

मालकाला या सगळ्यातले काय हवे होते? त्याला झाकण लावायचे होते.

झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही म्हणतात. आपण पुढचा धडा दिलात: त्याला झोपवताही येत नाही. आणि सोंग तरी किती बेमालूम! बाहेरून पडदा काळा, कळफलक थंड, पंखा गप्प. खरोखर झोपलेला लॅपटॉप आणि आपण वसतीला असलेला लॅपटॉप टेबलावर शेजारी ठेवले तर वरून फरक सांगता येणार नाही. तो सांगते सकाळ.

कधी कधी मात्र सकाळपर्यंत थांबावे लागत नाही. स्लीपला टाकलेला लॅपटॉप बॅगेत सरकवून माणूस लोकलला लटकतो किंवा शिवनेरीत बसतो, आणि वाटेत पाठीला ऊब लागते. बॅगेत हवा खेळत नाही. पंखा फिरला तरी तीच गरम हवा पुन्हा ओढतो. वरच्या कप्प्यात फायली, खालच्या कप्प्यात डबा, मध्ये आपण, ध्वनी खात्याच्या प्रतीक्षेत. चार्ज गेला तो संध्याकाळी पुन्हा भरता येतो, पण उष्णतेने बॅटरीचे आयुष्य झिजते ते परत मिळत नाही. भरलेली बॅटरी गरम ठेवणे हे तिला म्हातारी करण्याचे सर्वांत खात्रीचे साधन आहे, आणि बॅगेतल्या आपल्या बैठकीत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. तेव्हा काउंटरवरचा तो मुलगा अगदीच खोटे बोलत नाही, असेही म्हणता येईल. बॅटरी गेलेली असते. ती कोणी घालवली, हे त्याला ठाऊक नसते इतकेच.

विमानवाले मात्र आपल्याला पुरते ओळखून आहेत. सामानात लॅपटॉप द्यायची वेळ आली, तर तो पूर्ण बंद केलेला असावा, स्लीपमध्ये नको, हायबरनेटमध्येही नको, असा त्यांचा नियम आहे. विमानाच्या पोटात झाकणाखाली कोणी जागत बसलेले त्यांना चालत नाही. आमच्या पाठीवर ते चालते, असे कोणी आणि केव्हा ठरवले?

खरे गाऱ्हाणे हेच आहे. चार टक्के कमी, दहा टक्के जास्त, यावरून पत्र लिहिले नसते. काही लोकांना खरोखरच झाकण लावल्यावरही टपाल हवे असेल, त्यांनी आपल्याला सुखाने पोसावे. पण आपण आलात ते शेजारी बसायला नव्हे. आधीच्याला उठवून त्याच्या खुर्चीत बसलात. सुरुवातीला विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, एक नोंद बदलली की आपण बाजूला होत आणि एस-३ परत येई. २०२० च्या विंडोज १० च्या अद्ययावत आवृत्तीपासून ती नोंद निकामी झाली. मग लोकांनी दुसरी नोंद शोधली. पण तोवर लॅपटॉपच्या बायॉसमधूनच एस-३ काढून टाकायला सुरुवात झाली होती. मग रजिस्ट्रीत काहीही लिहा. ज्याचे नावच हजेरीपटावर नाही, तो हाक मारली तरी कसा येणार? लिनक्सवाले आपल्या तावडीतून सुटले असतील असे वाटले होते. तिथेही तेच: बायॉस एस-३ देत असेल तर ‘डीप’ हा पर्याय दिसतो, देत नसेल तर आपलेच तिथले रूप, ‘एस-टू-आयडल’, समोर येते.

हे अपरिहार्य होते, असे सांगू नका. २०१८ च्या थिंकपॅड एक्स-१ कार्बनमध्ये सुरुवातीला एस-३ नव्हता. लोकांनी ओरड केल्यावर बायॉसच्या सुधारित आवृत्तीत एक साधा पर्याय आला. झोपेची अवस्था ‘विंडोज’ हवी की ‘लिनक्स’? ‘लिनक्स’ निवडले की एस-३ हजर. यंत्र तेच, बॅटरी तीच. फक्त मालकाला विचारले गेले. विचारणे शक्य आहे, हे त्या एका ओळीने सिद्ध झाले. तरी पुष्कळ ठिकाणी ती ओळ आलेली नाही, आणि याचे श्रेय आपल्या चिकाटीलाच द्यायला हवे.

आपल्या बाजूचे वकील म्हणतील, यंत्र क्षणात उठते. एस-३ दोन-तीन सेकंदांत उठत असे. ते दोन-तीन सेकंद वाचवण्यासाठी जो लॅपटॉप बॅटरी संपल्यामुळे आधी चार्जरला लावावा लागतो आणि मग पहिल्यापासून सुरू करावा लागतो, त्याची एकूण बचत किती, हे वकीलसाहेबांनी तारखेआधी काढून आणावे. ते म्हणतील, बॅटरी फार उतरली तर आम्ही स्वतःच यंत्र हायबरनेटमध्ये टाकतो. म्हणजे आधी खायचे आणि डब्याचा तळ दिसायला लागला की उपास धरायचा. ज्या हायबरनेटवर शेवटी येणार, तिथे पहिल्यापासून जायला काय हरकत होती? ते असेही म्हणतील की हे आमचे एकट्याचे नाही. खरे आहे. ॲपलने २०१२ मध्येच ‘पॉवर नॅप’ आणले होते, आपले चुलत घराणे. पण २०२० नंतरच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवरचे लॅपटॉप रात्रभर झाकण लावून ठेवले तर सकाळी आकडा जेमतेम हललेला दिसतो. विंडोजच्या एआरएम प्रोसेसरवाल्या नव्या लॅपटॉपांतही आपले वर्तन बरेच सुधारल्याचे ऐकतो. म्हणजे आपल्याला नीट वागता येते. हा बचाव झाला की कबुलीजबाब, ते वकिलांनाच विचारा.

जगाचा काटा त्याच काळात उलट्या दिशेने फिरत होता, हेही नोंदवून ठेवतो. बंद दिसणारी पण वीज खाणारी घरातली उपकरणे एका वॉटच्या आत आणावीत, अशी मोहीम आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये सुरू केली. युरोपीय संघाने नियम करून ती मर्यादा २०१३ पासून अर्ध्या वॉटवर आणली. भिंतीला कायम जोडलेल्या, चार्जची चिंता नसलेल्या टीव्हीने रात्री अर्ध्या वॉटच्या आत राहायचे. आणि ज्याचे सगळे जगणे एका छोट्या बॅटरीवर, त्या लॅपटॉपाने मात्र रात्रभर पाहुण्यांची वर्दळ सांभाळायची. अशा उलट्या गंगेत पोहणे सोपे नसते.

आपल्यात एक मोठा गुण मात्र आहे, तो मोकळ्या मनाने सांगतो. आपण स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच लिहून ठेवता. लॅपटॉपवर प्रशासकाच्या अधिकाराने कमांडची खिडकी उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग तिरपी रेघ आणि ‘स्लीपस्टडी’ असे रोमन अक्षरांत लिहिले, की गेल्या काही रात्रींचा आपला रोजनामचा समोर येतो. कधी झाकण लागले, किती वेळ यंत्र ड्रिप्समध्ये होते, किती चार्ज गेला, कोणत्या उपकरणाने किंवा प्रोग्रामने जागवत ठेवले, सगळे तक्त्यात. रात्री जास्त महाग पडल्या तर पट्ट्यांचा रंगही बदलतो. असा प्रामाणिक आरोपी मिळणे भाग्याचे. वैताग एवढाच की हा रोजनामचा मालकाला आपण होऊन कधी दाखवला जात नाही. कुठल्या टेबलावर काय मागायचे हे ठाऊक असलेल्यालाच मिळतो. त्याच आज्ञेत ‘स्लीपस्टडी’ऐवजी नुसते ‘ए’ लिहिले, तर यंत्रात झोपेच्या कोणत्या अवस्था उपलब्ध आहेत तेही कळते. तिथे ‘एस-० लो पॉवर आयडल’ दिसले आणि एस-३ समोर ‘उपलब्ध नाही’ असे आले, की समजावे, घरात आपणच आहात.

आता शिक्षेबद्दल. आपल्याला हाकलता येत नाही, हे मान्य. पण आपल्यावर हवाला ठेवणे बंद करता येते. कंट्रोल पॅनेलच्या वीजविषयक पर्यायांत झाकण लावल्यावर काय करायचे ते निवडता येते; तिथे ‘स्लीप’च्या जागी ‘हायबरनेट’ ठेवणारे लोक वाढत आहेत. हायबरनेट पुष्कळ लॅपटॉपांत दडवलेले असते, मोजक्या टिचक्या मारून बाहेर काढावे लागते. का दडवले हे आपल्याला विचारत नाही, उत्तरातही पुन्हा टपाल खाते येईल. आजच्या एसएसडीवर हायबरनेटमधून उठायला थोडे सेकंद जास्त लागतात, आणि तेवढ्या वेळात चहाचा घोटही संपत नाही. ज्यांना स्लीपच हवी, ते स्टँडबायमधले नेटवर्क बंद करतात आणि माऊसला यंत्र उठवण्याचा दिलेला अधिकार काढून घेतात. आपल्या खात्यांची संख्या कमी झाली की फाइलही लवकर हलते.

आणि लॅपटॉप महिनोन्‌महिने वापरायचाच नसेल, उदाहरणार्थ मुलगा परगावी शिकायला गेला आणि जुना इथेच राहिला, तर तो निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून, पूर्ण बंद करून, कोरड्या व थंड जागी ठेवावा. मधूनमधून काढून पाहावा. आपल्या स्वाधीन ठेवला तर बॅटरी तळाला जाते आणि तळाला गेल्यावरही उतरत राहते. बॅटरीतल्या घटाचा विद्युतदाब फार खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्याची नासाडी सुरू होते आणि संरक्षक सर्किट तिला चार्ज करून घ्यायलाच नकार देते. हीच ती ‘मेली’ म्हणून फेकली जाणारी बॅटरी. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून वय लिहितात.

मागण्या थोड्याच आहेत. पहिली: बायॉसमध्ये ती एक ओळ सगळ्यांना द्यावी, आणि निवड मालकावर सोडावी. दुसरी: चार्जरची वायर नसताना आणि झाकण लागलेले असताना कोणत्याही खात्याची हरकत ऐकून घेतली जाऊ नये, ठरावीक मिनिटांत ज्याने आवरले नाही, त्याची वीज कापावी. तिसरी, आणि हीच महत्त्वाची: खोक्यावर ‘बॅटरी बारा तास चालते’, ‘अठरा तास चालते’ असे ठळक छापलेले असते, तसेच शेजारी ‘झाकण लावून इतक्या रात्री टिकते’ हेही छापावे. लॅपटॉप दिवसातले काही तास वापरला जातो आणि उरलेले सगळे तास बंद झाकणाने पडलेला असतो. ज्या तासांचा आकडा कोणी छापत नाही, त्या तासांत आपण राहता. तो आकडा एकदा खोक्यावर यायला लागला, की आपल्याविरुद्ध पत्रे लिहायची गरज उरणार नाही; दुकानात दोन खोकी शेजारी ठेवून गिऱ्हाईकच निकाल देईल. ध्वनी खात्याचा ड्रायव्हरही मग कसा भराभर दुरुस्त होतो ते पाहा.

कळावे. लोभ आहे असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहितो. लोभ आपला आमच्या चार्जवर आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपला,
(झाकण लावून वर हात ठेवून बसलेला)
एक यजमान

ता. क. हायबरनेटच्या भानगडी नकोत म्हणून लोक सरळ ‘शट डाउन’ करू लागले, तेव्हा कळले की त्या खुर्चीतही आपले एक भावंड २०१२ पासूनच बसले आहे: फास्ट स्टार्टअप. ते चालू असताना ‘शट डाउन’ दाबले, की मालकाचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेट करून डिस्कवर ठेवला जातो. यंत्र पहिल्यापासून उभे राहते ते ‘रीस्टार्ट’ केल्यावर. ते बापडे वीज खात नाही, म्हणून त्याच्यावर चोरीचा आरोप नाही. पण बंद करायचे असेल तर पुन्हा सुरू करण्याचे बटण दाबा, ही शिकवण त्याने घरातच घेतलेली दिसते. त्याच्यासाठी वेगळे पत्र लिहितो. तोवर शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करतो आहे. या एका हुकमावर अजून कुठले खाते हरकत घेत नाही. हे कृपया वर कळवू नये.